पावडर कोंबडीवर, किडे बांबूत

पत्र: नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे (संगमेश्वर तालुका) मागच्या पडवीत खुराडं आहे. गावठी कोंबड्या चौदा, कोंबडे दोन. गणपतीनंतर अंडी एकदम कमी झाली. शिटीत तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी दिसतं. दुकानातून जंताचं औषध पायपराझीन आणून पाण्यातून तीनदा दिलं, फरक नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जायला मागत नाहीत, आंब्यावर चढून बसतात. खुडूक बसवलेली एक कोंबडी बाराव्या दिवशी अंडी सोडून उठली. मुलगा पडवीलगतच्या खोलीत झोपतो, त्याच्या हातांवर लाल पुळ्या उठतात. कोंबड्यांना उवांची पावडर दोनदा चोळली. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. म्हाताऱ्या कोंबड्याच्या पायांवर चुन्यासारखे थर आलेत. शेजारी म्हणतात, गुरांच्या गोचिडाचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन मिळतं, त्याचे थेंब पिण्याच्या पाण्यात टाका, आतले-बाहेरचे सगळे किडे एका दमात जातात. टाकू का? अंडी घरी खातो, उरलेली विकतो. — एक वाचक

उत्तर: ताई, नका टाकू. कारण सांगतो, पण आधी तुमच्या पत्राबद्दल. असं नीट पाहून लिहिलेलं पत्र क्वचित येतं. कोंबडी बाराव्या दिवशी उठली आणि बाकीच्या आंब्यावर चढतात, एवढ्या दोन ओळींवरून अर्धं निदान होतं.

तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे प्राणी आहेत. एक कोंबडीच्या आतड्यात राहतो. दुसरा राहतो खुराड्यात आणि कोंबडीकडे फक्त रात्री जेवायला येतो. तिसरा कोंबड्याच्या पायाच्या खवल्याखाली घर करून आहे. आतापर्यंत तुम्ही केलेले दोन्ही उपाय खोटे नव्हते, पत्ता चुकला होता इतकंच. पायपराझीन चांगलं औषध आहे, पण ते फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं. आणि पावडर तुम्ही कोंबडीला चोळलीत, तेव्हा किडे बसले होते बांबूत.

आता ते इंजेक्शन. गुरांच्या खरजेला मी ते नोकरीभर वापरलं, औषधाशी माझं वैर नाही. पण एक म्हणजे ते पाण्यात विरघळत नाही. भांड्यात थेंब टाकले की कुठे जास्त, कुठे काहीच नाही, असं होतं. जी कोंबडी पहिली चोच घालेल तिला मिळेल चौघींचा डोस. दुसरं, शिटीतल्या त्या ‘कण्या’ ज्या जंताच्या आहेत त्याच्यावर आयव्हरमेक्टिनचा काडीचाही परिणाम होत नाही. कोंबडीतल्या गोल जंतावरही ते कच्चंच. तिसरी गोष्ट अंड्यांची. हे औषध चरबीत मुरणारं आहे, म्हणजे बलकात उतरतं. आज घातलेल्या अंड्याचा बलक साठायला गेले आठ-दहा दिवस लागलेले असतात, त्यामुळे औषध एक दिवस दिलं तरी ते अंड्यांतून पुढे कितीतरी दिवस येत राहतं. तुमच्या मुलाच्या ताटात, आणि जो तुमची अंडी गावठी म्हणून चार पैसे जास्त देऊन नेतो त्याच्याही ताटात.

पोटातला पाहुणा. तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे, ताज्या शिटीत कधी कधी वळवळणारे, हे चपट्या, फितीसारख्या जंताचे सुटलेले तुकडे असतात. गोल जंत दिसला असता तर शेवयीसारखा दिसला असता, पाच ते बारा सेंटिमीटर लांब. पायपराझीन त्या शेवयीला लुळं पाडून बाहेर काढतं. फितीला धक्काही लावत नाही. तीनदा काय, तीसदा दिलं असतं तरी कण्या तशाच राहिल्या असत्या.

हा चपटा जंत एका कोंबडीकडून दुसरीकडे थेट जात नाही. मध्ये कुणीतरी लागतं: मुंगी, शेणकिडा, घरमाशी, एखाद्या जातीला गोगलगाय. मुंगी शिटीतली अंडी खाते, कोंबडी मुंगी खाते, फेरा पूर्ण. कोकणात पावसाळ्यानंतर परसात मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी यांचा काय सुकाळ असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच हे गणपतीनंतर सुरू झालं.

तरी औषधाआधी एक काम करा. सकाळी खुराड्यातून चार-पाच ठिकाणची ताजी शीट, कणी दिसतेय तो भाग धरून, एका स्वच्छ डबीत घ्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. मिठाच्या दाट पाण्यात विष्ठा ढवळून ठेवली की जंतांची अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कोणकोणते जंत आहेत ते पाच-दहा मिनिटांत कळतं. बहुतेक वेळा चपट्याबरोबर गोलही निघतात. चपट्या जंताची अंडी मात्र अशी तरंगतीलच असं नाही, म्हणून कणी दिसल्याचं डॉक्टरांना तोंडी सांगा.

औषध कोणतं? चपट्या जंतावर सगळ्यांत खात्रीचं प्राझीक्वांटेल. ते बहुधा कुत्र्यांच्या गोळ्यांत दुसऱ्या औषधांसोबत येतं, म्हणून किती तुकडा द्यायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुसरा पर्याय अल्बेंडाझोल, जे गोल आणि चपटे दोन्ही गाठतं आणि गावोगाव मिळतं. मात्र मात्रेची गोम इथेच आहे. गोल जंतांसाठी किलोमागे १० मिलिग्रॅम पुरतं; चपट्यासाठी २० लागतं. दुकानातली पातळ बाटली २.५ टक्क्यांची असेल तर एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असतं. दीड किलोच्या कोंबडीला चपट्या जंतासाठी झाले ३० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा मिलिलिटरला थोडं कमी. पण बाटली १० टक्क्यांची असेल तर तेवढ्याच पातळ औषधात चौपट मात्रा जाईल. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी-शेजारी असतात आणि रंगही सारखाच. आकडा वाचल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि हे गणित एकदा डॉक्टरांना दाखवा.

वजन अंदाजाने धरू नका. गावठी कोंबडी डोळ्याला नेहमी मोठी दिसते, पिसांमुळे. कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवा. चौदा कोंबड्यांना पाण्यातून औषध देण्याचं कारणच नाही. आजारी कोंबडी पाणी कमी पिते आणि तिलाच औषध जास्त हवं असतं. संध्याकाळी अंधार पडला की एकेक धरा, सुई काढलेली सिरिंज चोचीच्या कडेने आत घाला आणि थेंब थेंब सोडा. घाईने पिचकारी मारू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, औषध तिकडे गेलं तर कोंबडी हातातच जाईल. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा एक डोस. घरात कबुतरं असतील तर त्यांना ही बाटली चुकूनही नको, अल्बेंडाझोल त्यांना बाधतं.

खुराड्यातला पाहुणा. माझा खरा मुद्दा इथे आहे, कारण तुमची अंडी जंतांपेक्षा यानेच जास्त खाल्ली असावीत.

आज रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च आणि एक जुनं पांढरं फडकं घेऊन खुराड्यात जा. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालच्या अंगाने फडकं दाबून ओढा. मग पडवीच्या दिव्याखाली पाहा. फडक्यावर लाल-तपकिरी फराटे उमटले असतील, आणि काही ठिपके चालत असतील. एक ठिपका नखाखाली चिरडा, रक्त येईल. ते तुमच्या कोंबडीचं. नंतर दांडी जिथे भिंतीत किंवा दोरीत बसवली आहे तो सांधा पाहा. तिथे मीठ-मिरपूड सांडल्यासारखा करडा भुगा दिसतो: त्यांच्या कातींचा आणि घाणीचा.

हा लाल माइट. पिकावर येणाऱ्या लाल कोळ्याच्याच भाऊबंदांतला, पण याला पानाचा रस नको, रक्त हवं. दिवसा हा कोंबडीवर सापडतच नाही. फटीत, सांध्यात, बांबूच्या पोकळीत बसतो आणि अंधार पडला की चढतो. कोंबड्या खुराडं सोडून आंब्यावर का जातात, ते आता लक्षात आलं असेल. खुडूक कोंबडी बिचारी रात्रंदिवस एका जागी, तिच्यावर तर मेजवानीच. बारा दिवस तिने सोसलं, हेच खूप. मुलाच्या पुळ्यांचाही संशय मी यांच्यावरच घेईन, खोली खुराड्याला लागून आहे म्हणून. हे माणसावर वसत नाहीत, पण चावतात. पुळ्या मात्र त्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, खरूज नाही ना ते कळेल.

एक शंका फेडून घ्या. भरदिवसा एका कोंबडीच्या शेपटीखालची पिसं फुंकर मारून उघडा. वाळक्या गवताच्या रंगाचे किडे पळताना दिसले आणि पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ दिसले तर त्या उवा. त्यांचा जन्म आणि मरण सगळं कोंबडीच्या अंगावरच, तिथे पावडर बरोबर. फक्त लिखा पावडरीने मरत नाहीत म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरा हात हवा. बारीक काळपट माइट दिवसाही शेपटीखाली फिरताना दिसले तर ती दुसरी जात, ती आपल्या उष्ण दमट हवेत आढळते आणि तिच्यासाठी कोंबडी आणि घरटं दोन्हींवर उपचार लागतो. पण तुमच्याकडे चार दिवस बरं आणि मग पुन्हा तेच, हे लाल माइटचंच लक्षण. खुराड्यातली फौज शाबूत होती.

तर आता खुराड्याची सफाई. सकाळी कोंबड्या बाहेर सोडा, अंडी आणि खाद्याची भांडी उचला. आतला तूस, पेंढा, घरट्यातलं गवत सगळं काढून जाळा. बांबूच्या दांड्याही जाळा. हे वाचून तुमच्या घरी कुणीतरी कुरकुरेल, बांबू चांगला आहे म्हणेल. तरी जाळा. चिरलेला पोकळ बांबू म्हणजे माइटसाठी बांधून दिलेली चाळ; त्याच्या आत कुठलीच फवारणी पोचत नाही. त्याजागी रंध्याने गुळगुळीत केलेली लाकडी दांडी घाला, भिंतीत न खोचता दोन खुंटांवर ठेवलेली, आणि प्रत्येक खुंट जळक्या तेलाच्या वाटीत उभा करा. भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर वाटीचा उपयोग शून्य.

मग फटींत उकळतं पाणी ओता, कोरडं होऊ द्या, आणि त्यानंतर औषध. गुरांच्या गोचिडासाठी मिळणारं डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन चालतं, लेबलवर जितकं पाण्यात मिसळायला सांगितलंय तितकंच. ‘जरा कडक करू’ हा मोह टाळा. फवारा हवेत नाही, फटीत, सांध्यात, घरट्याच्या खालच्या बाजूला मारा. तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत. मांजर असेल तर ते वाळेपर्यंत बांधून ठेवा, परमेथ्रिन मांजरांना घातक. फवाऱ्याचं उरलेलं पाणी पऱ्ह्यात ओतू नका, मासे मरतात. खुराडं कडकडीत वाळल्याशिवाय कोंबड्या आत नकोत. दोन रात्री त्यांना पडवीच्या दुसऱ्या टोकाला डालग्यांखाली ठेवा. आंब्यावर राहू द्यायच्या तर मुंगूस आणि रानमांजर वाट बघत असतातच.

आणि सातव्या दिवशी हेच पुन्हा करा, चौदाव्या दिवशी तिसऱ्यांदा. लोक इथेच चुकतात. औषध अंड्यांना मारत नाही, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण आठवडा पुरतो. एकदा फवारून थांबलात तर पंधरा दिवसांत होतं तसं होईल. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून त्यांना उपाशी मारू म्हणाल, तर तेही जमत नाही. रक्ताशिवाय हे महिनोन्महिने तग धरतात. शेवटच्या फवारणीनंतर भिंतींच्या फटी चुना-मातीने लिंपून टाका. वर कौलांत चिमण्या-पारव्यांची जुनी घरटी असतील तर तीही काढा, पुष्कळदा हे पाहुणे तिथूनच खाली उतरतात.

घरगुती उपायांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणारच आहात. चुलीची राख उत्तम. कोरड्या राखेत आणि मातीत कोंबड्या लोळल्या की अंगावरच्या उवा कमी होतात. पावसाने भिजणार नाही अशा कोपऱ्यात पाटीभर ठेवा, ओली राख मात्र कातडी जाळते. कडुलिंबाचा पाला घरट्यात घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर फवारणी टाळू नका. तंबाखूचं पाणी साफ नको: निकोटिन माइटला मारतं तसं कोंबडीलाही मारतं.

आणि एक, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे फिप्रोनिल या कीटकनाशकाचे थेंब किंवा ऊस-भाताचं फिप्रोनिल घरात असेल तर ते खुराड्यापासून लांब ठेवा. २०१७ साली युरोपात याच औषधाने हाहाकार केला होता. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल माइट मारायला ते बेकायदा वापरलं गेलं, अंड्यांत उतरलं, आणि लाखो अंडी बाजारातून उचलून नष्ट करावी लागली. हाच माइट, हीच घाई.

पायातला पाहुणा. कोंबड्याच्या पायावरचे चुन्यासारखे थर म्हणजे खवल्यांखाली बिळं करणारा माइट. कोमट साबणाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा, जुन्या मऊ टुथब्रशने हलक्या हाताने घासा, पुसून कोरडे करा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन जाड थापा. किड्यांचा श्वास कोंडतो. तीन-चार दिवसांआड, महिनाभर. थर नखाने उपटू नका, रक्त निघेल. जुने लोक पाय रॉकेलमध्ये बुडवायचे; किडा मरायचा हे खरं, पण कातडीही भाजायची. महिन्याने फरक नसेल तर दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टर आयव्हरमेक्टिन काढतीलही, आणि ते योग्यच असेल: हा किडा त्या औषधाच्या टप्प्यातला, मात्रा मोजलेली, आणि कोंबडा काही अंडी घालत नाही.

अंड्यांचं माझं मत कडक आहे. जंताचं औषध दिल्यापासून चौदा दिवस अंडी खाऊ नका, विकू नका, आणि उबवायलाही ठेवू नका; दुसऱ्या डोसनंतर पुन्हा चौदा दिवस. लेबलवर किंवा डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले तर ते धरा. नुकसान होतं, मान्य. पण अंडी तशीही कमीच आहेत, हीच वेळ सोयीची.

राणीखेत रोगाची लस द्यायची राहिली असेल तर जंताचं औषध आधी द्या आणि लस साधारण आठवड्याने. जंतांनी पोखरलेल्या अंगात लस नीट लागत नाही. पुढच्या वेळी पिल्लं रक्ताळ शीट टाकताना दिसली तर तो जंत समजू नका. ती बहुधा रक्ती हगवण, तिचं औषध वेगळं, आणि तिथे दिवस घालवायला वेळ नसतो. लगेच दवाखाना, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन. यापुढे जंताचं औषध मेच्या अखेरीस एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, तेही शीट तपासून. दर महिन्याला थोडं थोडं देणारे मी खूप पाहिलेत. अर्धवट मात्रेने जंत औषधाला सरावतात.

खुडूक कोंबडीला एवढ्यात बसवू नका. तिचा तुरा पांढरट पडला असेल. तिला महिनाभर खाऊ-पिऊ द्या, तिसरी फवारणी होऊन जाऊ द्या, मग नवीन टोपलीत नवीन पेंढा घाला. बसवल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री टॉर्च घेऊन टोपलीच्या काठाखालून पांढरं फडकं फिरवा. फडकं कोरं निघालं तर तिला उठवायला कुणी येत नाही.